बांगड्याचं खापर

मैत्रिणींनो, लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून काय करावं, तांदळात पोरकिडे होऊ नयेत म्हणून काय घालावं, असं पुष्कळ काही मी या सदरातून तुम्हांला सांगत आले. सांगताना सूर अर्थात असा, की या बाईच्या घरी कधी काही बिघडतच नसेल! आज मात्र माझ्याच हातून झालेली एक चूक सांगायची आहे. तीही साधी नाही. दोन वर्षं ती मी दुसऱ्या बाईच्या माथी मारली होती.

आमचं पूर्णगड म्हणजे मुचकुंदी नदीच्या मुखावरचं लहानसं गाव. वर टेकाडावर छोटासा किल्ला, खाली खाडी आणि पलीकडे गावखडीचं सुरूचं बन. अशा गावात ताजी मासळी कशी ओळखावी हे सुनेला कुणी शिकवत बसत नाही. कल्ले लालबुंद, डोळे टपोरे आणि अंग ताठ असलं की मासा ताजा. मलाही ते ज्ञान आहे अशी माझी पक्की समजूत होती.

मी जवळच्याच एका शाळेत तासिकेवर शिकवते. त्या दिवशी आश्विनातलं रणरणतं ऊन होतं. सकाळी साडेसातला बंदरावर आमच्या नेहमीच्या मासेवाल्या मावशींकडून आठ बांगडे घेतले. माझं लग्न झाल्यापासून आमच्या घरी त्यांच्याच टोपलीतली मासळी येते. बांगडे नुकतेच होडीतून उतरलेले, चांदीसारखे चकचकीत. घरी ठेवून परत यावं तर पहिला तास बुडणार. म्हटलं, इतके ताजे आहेत, दोन-तीन तासांत काय होतंय! कागदात गुंडाळून पिशवी शाळेच्या मागच्या पडवीत खुंटीला अडकवली. नेमक्या त्याच दिवशी एक बाई रजेवर, त्यांचेही तास माझ्या गळ्यात आले. घरी पोचले तेव्हा साडेबारा वाजले होते.

बांगडे हुंगून पाहिले, वास काही नव्हता. बोटानं दाबून पाहिले, ठीक वाटले. तिरफळं घालून झकास तिखलं केलं. जेवताना धाकटी म्हणाली, "आई, आज जीभ चुरचुरतेय गं, मिरी चावल्यासारखी." मी म्हटलं, "तिरफळं आहेत त्यात. नाटकं नकोत, मुकाट्यानं जेव."

अर्ध्या तासात पोरीचा चेहरा कुंकू फासल्यासारखा लाल झाला. कान तापले, मानेवर चट्टे उठले, डोकं ठणकायला लागलं. तिच्याकडे बघतोय तोवर सासूबाई म्हणाल्या, "माझ्याही छातीत धडधडतंय गो." आमच्या ह्यांनी रिक्षा आणली आणि दोघींना घेऊन आम्ही पावसला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि मला विचारलं, "मासे घेतल्यापासून शिजेपर्यंत किती वेळ गेला?"

सासूबाई समोर होत्या, हे शेजारी उभे होते. मी म्हटलं, "घेतले आणि केले."

एवढंच खोटं. पण त्याचा परिणाम बघा. संध्याकाळपर्यंत दोघींचीही लाली उतरली, दुसऱ्या दिवशी दोघी ठणठणीत. मासे घेतले आणि केले म्हटल्यावर डॉक्टरांना वाटलं, मुलीला बांगड्याचं वावडं असावं, सध्या देऊ नका. सासूबाईंची धडधड वयाच्या खाती जमा झाली. आणि मी बंदरावर जाऊन, चार बायका उभ्या असताना, मावशींना म्हटलं, "शिळे बांगडे दिलेत तुम्ही आम्हांला."

त्या जराही चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाय, माज्या टोपलीतनं निघाला तवा मासा ताजा व्हता. तुज्या पिशवीत काय झाला ता तुज्या पिशवीला इचार." हे उत्तर मला उद्धट वाटलं होतं. खरं तर त्या दिवशी शास्त्राला धरून बोललेलं ते एकच वाक्य होतं! मी मासेवाली बदलली. ऐकणाऱ्या बायकांपैकी आणखी दोघी-तिघींनीही बदलली, हे मला मागाहून कळलं.

दोन वर्षं गेली. शाळेत विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या, म्हणून आठवीचा सूक्ष्मजीवांचा धडा माझ्याकडे आला. मी बी. ए. झालेली, पण दुधाला विरजण लावणाऱ्या बाईला हा धडा जड का जावा! दुधाचं दही करणारे जिवाणू दाखवले, उकळलं की ते मरतात असं सांगितलं. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, पण दही उकळलं तरी ते आंबटच राहील ना?"

मैत्रिणींनो, माझ्या हातातला खडू तसाच राहिला. जंतू मेले तरी त्यांनी केलेलं आंबट तिथंच राहतं. तर मग माझ्या त्या पिशवीत पाच तासांत कुणी काय करून ठेवलं होतं?

त्याच संध्याकाळी पावसला गेले आणि डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी एक अक्षरही न रागावता सगळं समजावून दिलं. ते तुम्हांलाही सांगते, कारण मासळी खाणाऱ्या प्रत्येक घराला ते ठाऊक असायला हवं.

समुद्राच्या पाण्यात जिवाणू असतातच. चहाच्या एका चमचाभर पाण्यात पन्नास लाखांच्या आसपास. माशाच्या कल्ल्यांत, आतड्यात आणि अंगावरही ते असतात. मासा जिवंत असतो तोवर त्याचं शरीर त्यांना आवर घालतं. मासा मेला की राखणदार गेला. आता बांगडा, तारली, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं एक द्रव्य भरपूर असतं. काही जातींचे जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. आपल्या अंगावर पित्त उठतं, गांधी येतात, त्यामागे जे हिस्टामिन असतं तेच हे. आपल्या शरीराऐवजी माशाकडून ते ताटात येतं एवढाच फरक. म्हणून दिसायला सगळं वावड्यासारखंच दिसतं, पण दोष खाणाऱ्याच्या प्रकृतीत नसतो, माशात असतो.

आता थोडं गणित. उकाड्यात असे जिवाणू वीस मिनिटांना दुप्पट झाले असं धरा. पाच तासांत पंधरा वेळा दुप्पट म्हणजे एकाचे बत्तीस हजार सातशे अडुसष्ट. माझ्या पडवीतल्या पिशवीत ही शाळा भरली होती आणि मी आत दुसरी शाळा घेत होते!

सगळ्यांत वाईट गोष्ट पुढेच आहे. शिजवल्यानं जिवाणू मरतात, पण हिस्टामिन जात नाही. तळा, उकळा, बर्फात गोठवा, डब्यात बंद करा, झालेलं हिस्टामिन तसंच राहतं. त्याला वास येईलच असं नाही. जीभ चुरचुरणं ही त्याची एक खूण. ती माझ्या पोरीनं मला सांगितली होती आणि मी तिरफळांवर ढकलली. एकाच माशाच्या दोन तुकड्यांतही ते सारखं नसतं. त्यामुळेच ह्यांना काही झालं नाही.

डॉक्टर म्हणाले, "मुलीचं वावडं नसेलच असं घरी ठरवू नका. ताजा बांगडा करून दवाखान्यात घेऊन या." पुढच्या आठवड्यात होडीवरून घेतलेला बांगडा लगेच साफ करून, तळून, डब्यात घालून नेला. त्यांच्या समोर धाकटीनं आधी नखाएवढा खाल्ला, थांबली, मग एक तुकडा खाल्ला. काही झालं नाही. दोन वर्षं घरात सगळे बांगडा खात असताना ती डाळभात जेवत होती. डबा पुसून खाल्लान हो पोरीनं. मला मात्र तिच्याकडे बघवेना.

एवढं वाचून 'मेले ते जंतू, नसते तर बरं झालं असतं' असं म्हणू नका. मीही आधी तेच म्हटलं. मग धड्याच्या निमित्तानं आणखी वाचत गेले, तशी माझी खाडीकडे बघायची नजरच बदलली.

आपल्या खाडीच्या काठानं तिवरं आणि चिपी आहेत. त्यांची पानं चिखलात पडतात. ती अशीच खायला कोळंबीलाही बरी लागत नाहीत. त्यांच्यावर आधी बुरशी आणि जिवाणू बसतात, पान कुजवून मऊ करतात, आणि त्या सूक्ष्मजीवांच्या थरासकट ते पान कोळंबी आणि खेकड्यांचं अन्न होतं. म्हणजे आपण चुलीवर करतो तेच काम! ओहोटीला चिखलात उतरलं की कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, तोही त्यांचाच. चिखलाच्या आत हवा पोचत नाही तिथं राहणारे जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या गंधकाच्या क्षारांवर जगतात आणि तो वायू सोडतात. तिसऱ्या काढायला जाताना चांदीची पैंजणं घालू नका, त्याच वायूनं ती काळी पडतात.

वरच्या पाण्यात नजरेला न दिसणारी एकपेशीय शेवाळं असतात. पावसाळ्यात नद्या गाळ आणि खत घेऊन येतात, खालचं सकस पाणी वर येतं, आणि ही शेवाळं भरभरून वाढतात. त्यांना बारीक जीव खातात, त्यांना लहान मासे, लहानांना मोठे. तारली आणि बांगडा तर या बारीक जिवांवरच वाढतात. सगळ्या जगात झाडंझुडपं आणि पाणवनस्पती मिळून जेवढा प्राणवायू तयार करतात, त्यातला जवळजवळ निम्मा समुद्रातल्या या सूक्ष्म जिवांचा आहे.

आणि थंडीच्या सुमाराला काही रात्री किनाऱ्यावर लाट फुटताना निळी चमकते, तीसुद्धा त्यातल्याच एकाची करामत. त्याचं नाव नॉक्टिल्युका, म्हणजे रात्रीचा दिवा. साबुदाण्यापेक्षा लहान, पारदर्शक थेंबासारखा जीव, पाणी हललं की उजेड पाडतो. लोक कौतुकानं बघायला जातात. जावं. पण हे जीव फार माजले की पाण्यातला प्राणवायू संपत जातो आणि माशांना जगणं कठीण होतं. गेल्या वीसएक वर्षांत अरबी समुद्रात हिवाळ्यात नॉक्टिल्युकाचा हिरवा प्रकार फार वाढू लागल्याचं शास्त्रज्ञांना आढळलं आहे. गोव्यात दोना पावलाला 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथल्या संशोधकांचाही या कामात वाटा आहे.

आता तिसऱ्या, मुळे आणि कालवांबद्दल. ही मंडळी बसल्या जागी पाणी आत ओढतात, गाळतात आणि त्यातले सूक्ष्मजीव खातात. एक कालव दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी गाळतं. पाणी चांगलं असेल तर त्यांच्यासारखं पौष्टिक काही नाही. पण सांडपाणी खाडीत सोडलेलं असेल, तर त्यातले जंतू त्यांच्या पोटात साठतात, आणि शिंपल्यातलं मांस आपण पोटासकट खातो. हे जंतू नीट शिजवल्यानं मरतात. परंतु पाण्यात कधी कधी विषारी जातीची एकपेशीय शेवाळं माजतात. त्यांचं विष शिंपल्यांत साठतं, शिंपल्याला काही होत नाही आणि ते विष शिजवून जात नाही. पुन्हा तेच दह्याचं आंबट! ओठ आणि बोटं बधिर होतात, जास्त झालं तर श्वास अडकतो. मंगळूरजवळ कुंबळे इथं 1983 साली अशा तिसऱ्या खाऊन एक मुलगा दगावला होता. केरळात विळिंजमला 1997 साली असेच शिंपले खाऊन सात जण गेले आणि शेकडो लोकांना इस्पितळात न्यावं लागलं. हे रोज घडत नाही. पण म्हणूनच खूण माहीत हवी. खाडीचं पाणी एकाएकी तांबूस, तपकिरी किंवा दाट हिरवं दिसलं, काठाला मासे मरून लागले, तर तिसऱ्या काढायला जाऊ नये.

पिण्याच्या पाण्याबद्दलही एक सांगते, कारण ते ऐकून मला फार बरं वाटलं. पटकीचा जंतू हा खाडीच्या पाण्यातला मूळचाच रहिवासी. तिथं तो पाण्यातल्या बारीक किड्यांच्या अंगाला चिकटून राहतो. बांगलादेशात पासष्ट खेड्यांत 1999 ते 2002 या काळात बायकांना पिण्याचं पाणी जुन्या सुती साडीच्या चार घड्या करून गाळायला शिकवलं. किडे अडले, त्यांच्याबरोबर जंतूही अडले आणि पटकीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. नव्यापेक्षा जुनी धुवट साडी बरी, तिचे धागे फुलून भोकं बारीक होतात. पाणी उकळण्याची सर याला नाही, पण सरपण नसेल तेव्हा आपल्या आज्यांचं गाळणं किती शहाणपणाचं होतं बघा.

आता नेहमीप्रमाणे या वेळच्या सूचना. कात्रण काढून स्वयंपाकघरात लावलंत तरी चालेल.

1. बाजारात मासळी सगळ्यांत शेवटी घ्या. घेतली की सरळ घर गाठा. नोकरीवर जायचं असेल तर बर्फ घातलेला झाकणाचा डबा बरोबर ठेवा. मासा बर्फाच्या वर नको, बर्फात हवा.

2. घरी आल्यावर कल्ले आणि आतडी आधी काढा, धुऊन लगेच फ्रिजमध्ये किंवा बर्फात ठेवा. बांगडा, तारली, सुरमई, कुपा यांना तर क्षणाचीही सवलत देऊ नका. फ्रिज जंतूंची वाढ मंदावतो, झालेलं नुकसान भरून काढत नाही.

3. खारवायचे मासेही ताजे असतानाच मिठात घाला. 'आता शिळे झालेत, खारवून टाकू' हा हिशेब चुकीचा. मीठ पुढचं बिघडणं थांबवतं, मागचं पुसत नाही.

4. मासा खाताना जीभ चुरचुरली तर तो घास तिथंच थांबवा. पोरं सांगतील तर ऐका! तोंड लाल होणं, चट्टे, डोकेदुखी, धडधड असं काही झालं तर डॉक्टरांकडे जा. दम्याच्या माणसाला तर उशीर न करता न्या. आणि मासा कधी घेतला, कसा ठेवला, हे खरं सांगा.

5. तिसऱ्या आणि मुळे मिठाच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवले की वाळू सोडतात, पण विष सोडत नाहीत. आधीच तोंड उघडून पडलेले, हात लावला तरी न मिटणारे शिंपले टाकून द्या. शिजल्यावर न उघडलेलेही टाका. गटार खाडीला मिळतं तिथले तर कधीच घेऊ नका.

6. पायाला जखम असेल तर खाडीच्या पाण्यात उतरू नका. कालवाची धार लागली तर गोड्या पाण्यानं आणि साबणानं स्वच्छ धुवा. सूज चढू लागली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. यकृताचं दुखणं असणाऱ्यांनी कच्ची कालवं मुळीच खाऊ नयेत.

7. खरकटं, तेल, फिनेल, प्लास्टिक खाडीकडे लोटू नका. तिवरांच्या मुळांशी जे कामकरी बसलेत त्यांच्यावर आपली मासळी पिकते.

शेवटची गोष्ट राहिली. डॉक्टरांकडून परत आल्यावर मी आधी घरात सगळं सांगितलं. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे माझं वय झालं नव्हतं तर!" हे मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बंदरावर चार बायकांत बोललीस ना, मग चार बायकांतच सांग."

तसंच केलं. सकाळची वेळ, गिऱ्हाइकांची गर्दी, आणि मी मोठ्यानं म्हटलं, "मावशी, तुमचा बांगडा ताजाच होता. मी तो पाच तास उन्हाळ्यात टांगून ठेवला होता. चूक माझी होती." बोलताना घसा कोरडा पडला. मावशींनी हातातला कोयता खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पोर बरी हाय ना?"

बरी आहे म्हटलं. आणखी काय बोलावं ते मला सुचेना. सहा बांगडे मागितले. त्यांनी ते मोजून डब्यात घातले, वर दोन मुठी बर्फ टाकला आणि म्हणाल्या, "शालेत जातेस ना? मग झाकण घट लाव."